घरची बिअर आणि हातची विद्या



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला आणि आम्ही ‘घरी बिअर करण्याचा प्राथमिक संच’ असे उत्तर दिले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव उमटला तोच या क्षणी आपल्यापैकी पुष्कळांच्या चेहऱ्यावर दिसतो आहे. कामगार चळवळीत उभी हयात घालवलेल्या माणसाने पगारवाढीवर बोलावे, बोनसवर बोलावे, फार तर दारूच्या व्यसनाने झालेल्या संसाराच्या धूळधाणीवर बोलावे. त्याने बिअरची कृती सांगावी हे जरा विपरीतच!

म्हणून आरंभीच दोन गोष्टी सांगून मोकळे होतो. पहिली अशी की, आम्ही स्वतः मद्य घेत नाही. पगाराच्या दिवशी गुत्त्याच्या दारात नवऱ्याची वाट पाहत उभ्या राहिलेल्या बायका आम्ही इतक्या पाहिल्या आहेत की, मद्याची तरफदारी आमच्या तोंडून होणे नाही. दुसरी अशी की, आपल्या राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्यावाचून मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. बिअरही त्यातून सुटत नाही. तेव्हा हे व्याख्यान ऐकून कोणी घरी जाऊन बादली घासायला घेऊ नये.

मग बोलायचे कशाला? अशासाठी की, एकेकाळी घराघरांत असलेली विद्या सामान्य माणसाच्या हातून कशी निघून जाते आणि ती पुन्हा कशी हाती येते, याचे इतके ठसठशीत उदाहरण दुसरे आम्हांला सापडले नाही. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या वाचनालयात जास्त झाले. त्यामुळे विद्या कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न आम्हांला पहिल्यापासून वेतनाच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा वाटत आला आहे.

प्रथम एक घोटाळा दूर करू. आपल्याकडे ‘दारू गाळणे’ हा शब्दप्रयोग सरसकट वापरतात. पण बिअर गाळत नाहीत, ती आंबवतात. हातभट्टीत आंबवलेल्या रसाची वाफ करून ती पुन्हा थंड करतात आणि तीव्र मद्य काढतात. बिअरमध्ये हा प्रकारच नाही. सातूला मोड आणायचे, ते वाळवून भाजायचे, भरडून गरम पाण्यात भिजवून त्यांची साखर पाण्यात उतरवायची, त्या पाण्यात हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुले उकळायची आणि निवल्यावर यीस्टचे विरजण लावायचे, संपली कृती. मोड आणून वाळवलेल्या या धान्याला माल्ट म्हणतात. तत्त्व पाहाल तर ते आपल्या इडलीच्या पिठापासून फार दूर नाही.

मध्ययुगीन इंग्लंडात हे काम भाकरी भाजण्याइतकेच घरगुती होते आणि ते मुख्यतः बायकांकडे होते. घरापुरती एल करायची, उरेल ती शेजारी विकायची आणि चार पैसे संसाराला लावायचे. पुढे पंधराव्या शतकाच्या सुमारास समुद्रापलीकडून हॉप्स घातलेली बिअर तेथे रुजली. हॉप्समुळे बिअर जास्त दिवस टिकू लागली. टिकू लागली म्हणून लांब पाठवता येऊ लागली, लांब पाठवायची म्हणून मोठ्या कढया आल्या, कढयांसाठी भांडवल आले आणि भांडवलापाठोपाठ धंदा बायकांच्या हातून निसटून पुरुषांच्या व व्यापारी संघांच्या हाती गेला. एका फुलाने केवढी उलथापालथ केली पाहा!

उरलेले काम करांनी केले. इंग्लंडात १६९७ साली माल्टवर कर बसला आणि पुढे तो वाढत गेला. गरिबाला घरी बिअर करणे परवडेनासे झाले. विल्यम कॉबेट या शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेल्या, स्वतःच्या कष्टाने शिकलेल्या पत्रकाराने १८२१ साली ‘कॉटेज इकॉनॉमी’ हे पुस्तक भागाभागाने काढायला सुरुवात केली. मजुराने आपला संसार कसा करावा, हे सांगणाऱ्या त्या पुस्तकाचा आरंभ घरी बिअर कशी करावी येथून होतो. कराने मजुराच्या घरातली बिअर हिरावली आणि त्याला चहाच्या नादी लावले, ही त्याची तक्रार होती. चहाला त्याने घातलेल्या शिव्या आपल्याला मानवणार नाहीत. पण त्याचा रोख खरा होता.

१८८० साली ग्लॅडस्टन यांनी माल्टवरचा कर काढला आणि बिअरवर बसवला. त्याबरोबर घरी बिअर करणाऱ्याला परवाना घेण्याचे बंधन आले. ही अट १९६३ पर्यंत टिकली. त्या वर्षी अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी आपल्या अंदाजपत्रकात ती काढून टाकली. घरी करा, प्या, पाहुण्याला द्या; विकू मात्र नका, अशी मोकळीक मिळाली. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. ती उठल्यावरही घरच्या बिअरला मोकळीक मिळायला १९७८ साल उजाडावे लागले. तेव्हा अध्यक्ष कार्टर यांनी तसा कायदा केला. अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांनी तर २०१३ साली संमती दिली. हातभट्टीसारखे मद्य घरी गाळण्याला मात्र ही मोकळीक लागू नव्हती.

मोकळीक मिळाली, पण तोवर आजीची कृती नातवाला सांगायला आजी कोठे राहिली होती? ही उणीव भरून काढायला जी वस्तू बाजारात आली, ती म्हणजे हा प्राथमिक संच. काही वर्षांपूर्वी संघटनेच्या कामाने इंग्लंडला जाण्याचा योग आला, तेव्हा एका निवृत्त फिटरच्या घरी आमचा मुक्काम होता. त्याने मोठ्या हौसेने सगळा कारभार दाखवला आणि आम्ही तो वहीत टिपून घेतला.

संचात असते काय? सुमारे पंचवीस-तीस लिटरची, खाद्यपदार्थ ठेवण्याजोग्या प्लास्टिकची एक झाकणाची बादली. झाकणाला पाणी भरलेली एक वाकडी नळी. तिच्यातून आतला वायू बाहेर पडतो, पण बाहेरची हवा आत शिरत नाही. एक थर्मामीटर, बिअर काढायची एक लांब नळी, निर्जंतुक करायची पूड आणि एक काचेचे हायड्रोमीटर. याखेरीज पावणेदोन किलोच्या आसपास वजनाचा, काकवीसारख्या दाट अर्काचा डबा. मोड आणणे, भरडणे, भिजवणे, हॉप्स उकळणे ही सगळी कामे कारखान्यात उरकून पाणी आटवलेला हा अर्क असतो. आणि सोबत यीस्टची इवलीशी पुडी.

पहिले काम धुण्याचे. बादली, झाकण, चमचा, नळ्या, ज्याचा ज्याचा बिअरशी संबंध येणार ते सर्व आधी स्वच्छ घासायचे आणि मग निर्जंतुक करायचे. ही दोन वेगळी कामे आहेत. दिसायला लखलखीत असलेल्या भांड्यातही जंतू असतात, आणि त्या गोड पाण्यावर त्यांचाही डोळा असतो. यजमान म्हणाला, “या धंद्यात दहातला नऊ वाटा मोरीकामाचा.” आमच्या आयाबहिणींना हे सांगायला नकोच. विरजणाच्या भांड्याला खरकटा हात लागला की काय होते, हे त्यांना ठाऊक आहे.

मग डबा गरम पाण्यात ठेवून अर्क पातळ करायचा, बादलीत ओतायचा, तीन-साडेतीन लिटर उकळते पाणी आणि किलोभर साखर घालून ढवळायचे. त्यावर थंड पाणी घालून एकंदर तेवीस लिटर करायचे. आता थर्मामीटर बुडवायचा. अठरा ते चोवीस अंश सेल्सिअसच्या दरम्यान उष्णता आली की यीस्ट भुरभुरवायचे. पाणी फार गरम असेल तर यीस्ट मरते. खोली फार उबदार असेल तर काम झपाट्याने होते, पण चव बिघडते. मे महिन्यात इडलीचे पीठ रात्रीत ऊतू जाते आणि पौषात सकाळपर्यंत ढिम्म हलत नाही, त्यातलाच हा प्रकार.

यीस्ट हा जीव आहे. साखर खाऊन तो मद्यार्क आणि कर्बवायू तयार करतो. बव्हेरियात १५१६ साली बिअर कशाची करावी याचा प्रसिद्ध हुकूम निघाला, त्यात सातू, हॉप्स आणि पाणी यांची नावे आहेत, यीस्टचे नाही. खरा कामगार कोण, हे धन्यालाच ठाऊक नव्हते! लुई पाश्चरने १८७६ साली बिअरवर ग्रंथ लिहून या जीवांचे काम उलगडून दाखवले. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सेन याने १८८३ साली यीस्टची शुद्ध जात वेगळी काढली. विशेष असे की, तेथील मालक याकोबसेन यांनी ती तिजोरीत कुलूपबंद केली नाही. इतर बिअरवाल्यांना वाटून टाकली. कारखानदाराची स्तुती आम्ही क्वचित करतो. ही मनापासून करतो.

झाकण लावले की थांबायचे. एक-दोन दिवसांत फेस चढतो, नळीतून बुडबुडे निघतात आणि नवशिक्या हर्षभरित होतो. चार-सहा दिवसांत बुडबुडे थांबतात आणि तो बाटल्या भरायला धावतो. नेमका येथे धोका आहे. बुडबुडे थांबले म्हणजे काम संपले असे नव्हे. थंडी पडली तरी ते मंदावतात, झाकण सैल असेल तर दुसरीकडूनच वायू जातो. खरे काय ते हायड्रोमीटर सांगते. दूधडेअरीवर लॅक्टोमीटर आपण पाहिला आहे. त्याचेच हे भावंड. साखर विरघळलेले पाणी जड असते, त्यात ते वर तरंगते. साखर संपत जाते तसतसे ते खाली बसते. आरंभी १.०४० च्या आसपास असलेला आकडा १.०१० च्या आसपास येतो आणि लागोपाठ दोन-तीन दिवस तेथेच राहतो, तेव्हा काम संपले. दोन आकड्यांतला फरक घेऊन त्याला १३१ ने गुणले की मद्यार्काचे शेकडा प्रमाण कळते. येथे ते चारच्या जरा आत येते.

आम्हांला या ठिकाणी आमचाच धंदा आठवला. सभेतल्या टाळ्या म्हणजे बुडबुडे. टाळ्यांवरून संपाची तयारी मोजणारा पुढारी कामगारांना खड्ड्यात घालतो. वर्गणी भरणारे किती, खात्याखात्यात माणसे किती, हा आमचा हायड्रोमीटर.

साखर शिल्लक असताना बाटल्या भरल्या तर आत वायू कोंडत जातो आणि बाटली बॉम्बसारखी फुटते. काचांनी माणसे जखमी होतात. काम पुरते संपल्यावर भरली, तर अर्ध्या लिटरच्या बाटलीमागे अर्धा चमचा साखर मोजून घालतात. तेवढ्याने बेताचा फेस येतो. मग आठवडाभर उबेत, पुढे दोन आठवडे गारव्यात, आणि त्यानंतर पेला. यजमानाने आमच्यापुढे पेला धरला, तेव्हा आम्ही त्याला केवळ नाक लावले. ताज्या पावाचा वास आला, एवढी साक्ष देतो.

आता या संचाची मर्यादाही सांगितली पाहिजे. डब्यातला अर्क कारखान्याचा आहे. विद्येचा मोठा भाग अजून डब्यातच बंद आहे; माणसाच्या वाट्याला आला आहे तो शेवटचा टप्पा. ज्याने आयुष्यभर डबे उघडले, त्याला बिअर आली असे म्हणता येणार नाही. परंतु संच म्हणजे अंकलिपी आहे. अंकलिपी वाचणारा पंडित नसतो. पण पंडित होणाऱ्याला ती चुकत नाही. त्या फिटरच्या फळीवर एक वही होती. प्रत्येक खेपेची तारीख, उष्णता, आकडे, चव, सारे नोंदलेले. विसाव्या पानापासून त्याने डबा सोडून स्वतः माल्ट भिजवायला घेतला होता. आम्हांला पेल्यापेक्षा ती वही अधिक मोलाची वाटली.

आपल्याकडे वळून पाहिले म्हणजे मन विषण्ण होते. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरांहून अधिक माणसे मेली. बहुतेक हातावर पोट असलेली. तो घात आंबवण्याने झाला नव्हता. कारखान्यात वापरायचे मिथेनॉल दारूत मिसळले गेले होते. धान्य आंबवून ते मारक प्रमाणात तयार होत नाही. मिथेनॉलला वेगळा रंग नाही, फारसा वेगळा वासही नाही. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि आधी दृष्टी जाते, मग प्राण. पेला उचलणाऱ्याला त्यात काय आहे हे कळण्याचा कोणताही मार्ग नव्हता. विकणाऱ्याला फिकीर नव्हती आणि पिणाऱ्याला विद्या नव्हती.

यावर घरोघरी बिअर करा, असा उपाय आम्ही सांगत नाही. माणसाने मद्यापासून दूर राहावे, हेच आमचे मत. पण जे आपण पोटात घालतो ते कसे होते, हे माहीत असणे हा गरिबाचा हक्क आहे, हेही आमचे तितकेच ठाम मत आहे. या हक्काला कायद्याची आडकाठी नाही. दह्याचे विरजण, नाचणीची आंबील, इडली-ढोकळ्याचे पीठ, गोव्याकडे ताडी घालून फुगवायचा पाव, ही सर्व अशाच सूक्ष्म जीवांची करणी आहे आणि ही विद्या अजून आपल्या घरांत जिवंत आहे. तयार पिठाच्या पिशव्या दुकानात आल्या आहेत, त्या घेऊ नका असे म्हणणार नाही; दोन पाळ्यांत कामाला जाणाऱ्या बाईला तो मोठा आधार आहे. मात्र कृती विसरू नका. एक वही करा. पीठ केव्हा भिजवले, खोली किती उबदार होती, किती तासांत वर आले, ते लिहा. मुलाच्या हाती थर्मामीटर द्या. आईजवळ जे हाताच्या अंदाजाने आहे, ते मुलाजवळ आकड्याने येऊ द्या.

इंग्लंडातल्या माणसाला आपल्या आजीची विद्या डब्यात घालून विकत घ्यावी लागली. आपल्या आज्या अजून घरात आहेत. त्यांना विचारण्याला परवाना लागत नाही.