घरचे बिनतारी जाळे आणि त्याची किल्ली



आजच्या सभेत आम्हांस जो विषय सोपविण्यात आला आहे, तो वरकरणी क्षुल्लक वाटेल. एका घरातील निरनिराळ्या बनावटीचे लॅपटॉप एकाच बिनतारी जाळ्यावर कसे आणावेत, एवढाच तो विषय. परंतु ब्रिटनमधील आपल्या घरांत काय दृश्य आहे ते पाहावे. वडिलांचा लॅपटॉप कंपनीने दिलेला. मुलीने विद्यापीठासाठी घेतलेले मॅकबुक. धाकट्याचे शाळेतून आलेले क्रोमबुक. आणि आईच्या वाट्याला सर्वांनी वापरून झालेला, बॅटरी दमलेला विंडोजचा जुना लॅपटॉप. ही वाटणी आम्हांस मान्य नाही, पण तो निराळ्या भाषणाचा विषय आहे. त्याच जुन्या यंत्रावर ती माउली बँकेचे व्यवहार करते, डॉक्टरांची वेळ घेते आणि रविवारी नागपूरच्या बहिणीशी समोरासमोर बोलते. प्रत्येक यंत्राचे वय निराळे, मालक निराळा, धोका निराळा. आणि हवेतील वाट मात्र सर्वांची एकच.

ही वाट सर्वांना चालते, कारण बिनतारी जाळ्याचे पहिले मानक १९९७ साली ठरले आणि त्यानंतरच्या सुधारणा करताना जुन्या यंत्रांना शक्यतो दूर लोटण्यात आले नाही. सबब २००९ च्या मानकाचा लॅपटॉप आजच्या राउटरशीही बोलू शकतो. तो बोलतो, पण सावकाश बोलतो. या सभागृहात ध्वनिक्षेपक एकच आहे. एका वेळी एकानेच बोलावयाचे. एखादे वक्ते शब्दाशब्दाला थांबू लागले, तर मागे रांगेत उभ्या असलेल्यांचा वेळ जातो. (आपल्या सभांत हा अनुभव दुर्मीळ नाही.) घरातील जाळ्याचेही तसेच आहे. म्हणून बहुतेक राउटर दोन पट्ट्यांवर बोलतात : २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिल्याची धाव लांब, वेग कमी. दुसऱ्याचा वेग मोठा, पण भिंती ओलांडताना तो लवकर थकतो. नवे लॅपटॉप दुसऱ्यावर आणि जुने लॅपटॉप व प्रिंटर पहिल्यावर ठेवले, तर ध्वनिक्षेपक दोन झाल्यासारखे होते. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असेल तर यंत्र आपली निवड स्वतः करते, आणि ते सोयीचेही असते. मात्र एखादा जुना प्रिंटर अडून बसला, तर पट्ट्यांना तात्पुरती दोन नावे देऊन पाहावे.

आम्ही काही सभासद गेल्या काही वर्षांत अनेक कुटुंबांच्या घरी या कामासाठी गेलो. बहुतेक ठिकाणी तक्रार एकच : इंटरनेट कंपनी चांगली नाही. आणि बहुतेक ठिकाणी राउटर कोठे होता? पुढच्या खोलीत, दाराजवळच्या कोपऱ्यात, दूरचित्रवाणी संचाच्या मागे. नाचता येईना अंगण वाकडे, अशातला तो प्रकार. येथील जुन्या, भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांत दोन खोल्यांच्या मध्ये धुराड्याची जाड विटांची भिंत असते. आरसा, पाण्याची टाकी, माळ्यावरच्या खोलीच्या छतातील चकचकीत धातूचा पत्रा लावलेले अस्तर, हे सारे त्या लहरींचे शत्रू आहेत. राउटर जमिनीवरून उचलून उघड्या फळीवर, घराच्या मध्याकडे आणला तर अनेकदा एक पौंडही खर्च न करता काम भागते. मायक्रोवेव्ह शेगडीपासूनही त्यास दूर ठेवावे, कारण ती २.४ च्याच आसपास गुणगुणते. शेजाऱ्यांची जाळीही त्याच पट्ट्यात दाटलेली असतात. येथे त्या पट्ट्यात १३ वाहिन्या आहेत, पण एकमेकींवर न चढणाऱ्या अशा १, ६ आणि ११ या तीनच धरून चालाव्यात. एवढे करूनही वरच्या मजल्यावर लहरी पोहोचत नसतील, तर जिन्यापर्यंत एक तार ओढून तेथे दुसरे केंद्र बसवावे. तार दिसावयास कुरूप असते, पण तिच्याइतका विश्वासू सेवक नाही.

आता कुलपाकडे वळू. या जाळ्याचे पहिले कुलूप, ज्यास वेप म्हणत, ते कुचकामी असल्याचे २००१ मध्येच उघड झाले. २००४ मध्ये डब्ल्यूपीए-२ आले व २०१८ मध्ये डब्ल्यूपीए-३. घरात नवी-जुनी यंत्रे मिश्र असतील तर राउटरवर २ व ३ यांची मिश्र व्यवस्था निवडावी. एखादा फारच जुना लॅपटॉप तेही मानत नसेल, तर त्याच्यासाठी साऱ्या घराचे कुलूप हलके करू नये. त्याच्या कडेला लहानसा नवा वायफाय अडॅप्टर खोचावा. मात्र अडॅप्टरने आतले आजारपण जात नाही. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्या माउलीच्या लॅपटॉपचा आम्ही उल्लेख केला, तो बहुधा याच वर्गातला. तो विंडोज ११ घेऊ शकतो काय, हे तपासावे. घेऊ शकत नसेल, तर बँकेचे व्यवहार तरी त्यावरून हलवावेत. आणि कुटुंबात पुढचा नवा लॅपटॉप येईल तेव्हा तो प्रथम कोणास द्यावा, याचा विचार घरच्या पुरुषमंडळींनी अवश्य करावा.

बहुतेक राउटरमध्ये पाहुण्यांसाठी निराळे जाळे उघडण्याची सोय असते. आपण ती केवळ पाहुणे आले म्हणजे आठवतो. वास्तविक कंपनीचा लॅपटॉप, शाळेचे क्रोमबुक, बोलका दिवा, दारावरचा कॅमेरा, या सर्वांची जागा तेथेच आहे. तेथून इंटरनेट मिळते, पण घरातील इतर यंत्रे साधारणपणे दिसत नाहीत. एका यंत्रास झालेला संसर्ग दुसऱ्या खोलीत जाण्याची वाट त्यामुळे अडते. गैरसोय एवढीच की मुलाला त्या जाळ्यावरून घरचा प्रिंटर सापडत नाही. त्याने गृहपाठ आईच्या लॅपटॉपवर पाठवून छापावा. त्या निमित्ताने ती गृहपाठ पाहील.

परवलीच्या शब्दाविषयी आपल्याच माणसांत आहोत म्हणून स्पष्ट बोलतो. आपल्या घरांतील परवलीचे शब्द ओळखण्यास कोणा तज्ज्ञाची गरज नाही. १४ एप्रिल, १८९१, १९५६, यांच्या मागे-पुढे 'जयभीम' लावले की निम्मी दारे उघडतील. श्रद्धा हृदयात असावी, कुलपात नसावी. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घ्यावेत : पाटा, चांदणी, एसटी, गवार. ते रोमन लिपीत सलग लिहिले की आजीलाही पाठ होतात आणि परक्याला सुचत नाहीत. (हेच चार शब्द मात्र आता वापरू नयेत, ते छापले जाणार आहेत.) राउटरच्या पाठीवरील चिठ्ठीचे छायाचित्र काढून व्हॉट्सॲपच्या समूहात टाकणे, हा अतिथ्यधर्म नव्हे.

याहून महत्त्वाचे एक आहे. जाळ्यात शिरण्याचा शब्द निराळा आणि खुद्द राउटरची व्यवस्था बदलण्याचा शब्द निराळा. पहिला सर्वांना ठाऊक असतो. दुसरा घरातील एकाच व्यक्तीला, बहुधा पतीला किंवा थोरल्या मुलाला. पूर्वी येथे अनेक राउटरांना एकच ढोबळ शब्द देऊन विकण्याची पद्धत होती; २९ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या कायद्याने ब्रिटनमध्ये तसे विकण्यास मनाई आहे. ते उत्तमच झाले. पण त्या दुसऱ्या शब्दाचा धनी नोकरीनिमित्त परगावी गेला, रुग्णालयात पडला किंवा न परतण्याच्या वाटेने गेला, तर मागे राहिलेल्यांचे काय? तांब्याच्या तारांवरील जुनी दूरध्वनी यंत्रणा जानेवारी २०२७ पर्यंत बंद करण्याचे येथे ठरले आहे आणि कित्येक घरांतील दूरध्वनी आताच राउटरला जोडलेला आहे. म्हणजे राउटर बंद, तर आजी-आजोबांचा दूरध्वनीही बंद. ज्या वस्तूवर रुग्णवाहिकेला हाक मारण्याची भिस्त आहे, तिची किल्ली एकाच खिशात असणे आम्हांस धोक्याचे वाटते. तो शब्द वहीत लिहून, पासपोर्ट जेथे ठेवतो तेथे ठेवावा आणि घरातील किमान दोघांनी, त्यांपैकी एका स्त्रीने, त्या पानावर जाऊन एकदा तरी पाहुण्यांचे जाळे स्वतः उघडून-मिटून पाहावे. भीती बाळगू नये. फारच गोंधळ झाला तर पाठीमागच्या बारीक छिद्रात टाचणी काही सेकंद दाबून धरली की राउटर मूळ अवस्थेस येतो व पुन्हा आरंभ करता येतो.

सभागृहाच्या मागील मेजावर आम्ही एक राउटर, दोन जुने लॅपटॉप आणि एक टाचणी ठेवली आहे. भोजनाच्या सुट्टीत ज्यांनी आजवर ही व्यवस्था कधी हाताळली नाही त्यांनी पुढे यावे. ज्यांना सर्व येते त्यांनी कृपया हात पाठीमागे बांधून उभे राहावे आणि विचारल्याखेरीज बोलू नये.