संगणकाची मराठी कुठे सापडते?

घर आपलं, माणसं आपली, पण दारावरची पाटी मात्र परक्या भाषेत, अशी कल्पना करून पाहा. आपल्या कितीतरी शाळांतल्या संगणकांची अवस्था अशीच आहे. आत लिहिलेला मजकूर मराठी. पण तो जपून ठेवायचा, छापायचा किंवा पुसायचा, तर त्या आज्ञा इंग्रजीत!

मी वाशीला महाविद्यालयात शिकवतो. गेल्या पावसाळ्यात पनवेल तालुक्यातले एक ओळखीचे गुरुजी माझ्याकडे आले. त्यांच्या शाळेला कुणीतरी जुना संगणक दिला होता. त्यावर लिनक्स ही प्रणाली आणि पत्रं, तक्ते तयार करायला लिबरऑफिस, दोन्ही विनामूल्य. गुरुजी म्हणाले, "सर, हे मराठीत मिळतं असं ऐकलंय. दोन रविवार शोधतोय, हाती काही लागत नाही. पोरं विचारतात, गुरुजी, वरच्या ओळीत काय लिहिलंय?"

मी म्हटलं, त्यात काय अवघड! आणि बसलो शोधायला. पहिली संध्याकाळ वायाच गेली. मराठीचा भाषासंच मिळाला, पण तो बसेना. दुसऱ्या दिवशी उलगडा झाला. लिनक्सवर हा संच वेगळा उतरवून घ्यावा लागतो, आणि त्याच्या आवृत्तीचा क्रमांक मूळ लिबरऑफिसच्या क्रमांकाशी तंतोतंत जुळावा लागतो. आमचा जुळत नव्हता. विंडोजवर काम त्या मानाने सोपं. तिथं मूळ प्रत बसवतानाच 'कस्टम' हा पर्याय घेऊन भाषांच्या यादीतली मराठी निवडायची. मग 'टूल्स'मधल्या 'ऑप्शन्स'मध्ये जाऊन भाषा बदलायची. पण हे सांगणारा कुणी भेटायला हवा ना!

इथं एक गैरसमज दूर करतो. नुसतं मराठी लिहायला भाषासंच लागत नाही. युनिकोडचा टंक आणि इन्स्क्रिप्टसारखा कळफलक असला की पुरे. भाषासंच लागतो तो संगणकाने आपल्याशी मराठीत बोलावं म्हणून.

मग प्रयत्न झालेच नाहीत का? झाले की! ओपनऑफिसची मूळ संहिता २००० साली सर्वांसाठी खुली झाली. त्यानंतर आपल्याकडच्या सरकारी संस्थांनी 'भारतीय ओपनऑफिस' तयार केलं. २००५ साली केंद्र सरकारने तमिळ आणि हिंदीच्या मोफत तबकड्या वाटायला सुरुवात केली. पुढे मराठीचीही पाळी आली. सी-डॅक ही संस्था तर इथं नवी मुंबईत, खारघरलाही आहे. पण तबकड्यांचा काळ सरला. २०१० साली ओपनऑफिसमधून लिबरऑफिस वेगळं निघालं, त्याच्या नव्या आवृत्त्या येत राहिल्या. विहीर एकदा खणली म्हणून भागत नाही. दरसाल गाळ काढावा लागतो. भाषांतराचंही तसंच आहे.

तिसऱ्या संध्याकाळी गुरुजींचा संगणक मराठी बोलू लागला. पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. एका मुलीनं वरची सगळी ओळ मोठ्यानं वाचून दाखवली होती. मात्र एका ठिकाणचा शब्द वर्गात कुणालाच कळेना. गुरुजींनी मुलांनाच विचारलं, "तुम्ही काय म्हणाल?" मुलांनी चार शब्द सुचवले, आणि गुरुजींनी ते वहीत टिपून ठेवले.

श्रोतेहो, खरी गोष्ट इथंच आहे. हे सॉफ्टवेअर नुसतं फुकट नाही, ते मुक्त आहे. त्यातले मराठी शब्द सुधारण्याची मुभा तुम्हा-आम्हालाही आहे. वापरणारे थोडे, म्हणून चुका सांगणारे थोडे. चुका राहतात, म्हणून वापरणारे आणखी थोडे. हे रहाटगाडगं कुठंतरी थांबवायला हवं.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी एवढीच विनंती आहे. शाळेतला एक तरी संगणक मराठीत करून पाहा. अडलेला शब्द वहीत टिपा, आणि जवळच्या महाविद्यालयातल्या एखाद्या जाणत्या विद्यार्थ्याला हाताशी धरून तो भाषांतर करणाऱ्यांपर्यंत पोचवा. मराठी शब्द कसा हवा, हे चौथीतल्या मुलाच्या कानाला जेवढं कळतं, तेवढं पुष्कळदा आम्हा प्राध्यापकांनाही कळत नाही.