ॲक्सोलॉटल आणि त्याचें पाणी



गेल्या कांहीं वर्षांत एका विलक्षण प्राण्याचें नांव मुलांच्या तोंडीं बसलें आहे. २०२१ सालीं 'माइनक्राफ्ट' या संगणकीय खेळांत त्याचा शिरकाव झाला, आणि वाढदिवसाला काय हवें असें विचारलें असतां 'ॲक्सोलॉटल' असें उत्तर देणारीं मुलें शहरांतील घरांतून आढळूं लागलीं. वीतभर लांबीचें शरीर, रुंद तोंड, पापण्या नसलेले बारीक डोळे, मानेच्या दोन्ही अंगांस पिसांसारखे तीन तीन कल्ले, आणि चेहऱ्यावर सदा हसूं असल्याचा भास! हें हसूं केवळ तोंडाच्या ठेवणीचें आहे. प्राणी आजारी पडला तरी तें तसेंच राहतें. म्हणून त्याच्या प्रकृतीची पारख चेहऱ्यावरून न करितां पाण्यावरून करावी लागते, आणि आज मी मुख्यतः पाण्याविषयींच बोलणार आहें.

ॲक्सोलॉटल हा मासा नव्हे. तो बेडकाच्या दूरच्या नात्यांतील, सॅलॅमँडर कुळांतला उभयचर प्राणी आहे. त्याचे बहुतेक भाऊबंद मोठे झाल्यावर कल्ले टाकून जमिनीवर येतात; हा मात्र जन्मभर बाल्यावस्थेंतच पाण्यांत राहतो आणि त्याच अवस्थेंत त्याला संततीहि होते. त्याचें मूळ घर मेक्सिको शहराच्या दक्षिणेकडील सोचिमिल्को व चाल्को या तळ्यांत. चाल्कोचें तळें माणसानें उपसून टाकलें; सोचिमिल्कोचे आतां कालवे तेवढे उरले आहेत. हा प्रदेश समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरांहून उंच असल्यामुळें तेथलें पाणी बारमाही थंड असतें. १८६४ सालीं या प्राण्यांची एक तुकडी पॅरिसला आली आणि ड्युमेरिल नांवाच्या शास्त्रज्ञानें त्यांची पैदास केली. तेव्हांपासून प्रयोगशाळांतून व पुढें घरांतून त्यांचा वंश वाढत गेला. मूळ ठिकाणीं मात्र उलट घडलें. सोचिमिल्कोंत १९९८ सालीं दर चौरस किलोमीटरला सुमारें ६,००० प्राणी होते; २०१४ सालच्या पाहणींत ते अवघे ३६ भरले. सांडपाणी, आणि बाहेरून आणून सोडलेले कार्प व तिलापिया हे मासे, हीं त्याचीं मोठीं कारणें होत. आपण घरीं एक ॲक्सोलॉटल पाळल्यानें ही हानि भरून निघत नाहीं. तथापि जो प्राणी आपण आणला, तो दहा ते पंधरा वर्षें जगूं शकतो, आणि तितकीं वर्षें त्याला जगूं देणें हें सर्वस्वीं आपल्या हातीं असतें.

आतां पाण्याची उष्णता. या प्राण्यास सोळा ते अठरा अंश सेल्सिअसचें पाणी मानवतें. वीसपर्यंत तो निभावून नेतो. चोविसापुढें त्याच्या जिवास धोका उत्पन्न होतो. पाणी तापलें कीं त्यांतील प्राणवायु कमी होतो, आणि नेमक्या त्याच वेळीं शरीराची प्राणवायूची गरज वाढते. शिवाय उष्ण पाण्यांत रोगजंतु बळावतात आणि अमोनियाचें विष अधिक बाधतें. मुंबईच्या वा नागपूरच्या मे महिन्यांत नळाचें पाणीच किती तापलेलें असतें हें आपणांस ठाऊक आहे. कोणी सुचवितात कीं टांकीवर पंखा लावावा. पंखा पाणी थंड करितो तो आपल्या माठाप्रमाणें, बाष्पीभवनानें; म्हणून कोरड्या हवेंत दोनतीन अंशांचा फरक पडतो, पण कोंकणपट्टीच्या दमट हवेंत माठ जसा नीट गार होत नाहीं तशीच पंख्याचीहि गत होते. बर्फाच्या बंद बाटल्या सोडल्यास पाणी एकदम उतरतें व पुन्हां चढतें, आणि हे हेलकावे प्राण्यास सोसत नाहींत. वीज गेल्याच्या प्रसंगीं मात्र गोठवलेली एखादी बाटली घरांत असावी. खरा उपाय एकच, पाणी थंड करणारें यंत्र. त्याची किंमत प्राण्याच्या किंमतीच्या कित्येक पट असते, आणि विजेचें बिल निराळें. माझें स्पष्ट मत असें कीं, ज्या घरांत मे महिन्यांतहि पाणी वीस अंशांखालीं राहील अशी खात्रीची सोय नाहीं, त्या घरानें हा प्राणी आणूं नये. मुलाचा हट्ट मोडावा.

सोय असेल त्यांनीं प्राण्याआधीं पाणी तयार करावें. प्राण्याच्या मलमूत्रांतून अमोनिया उत्पन्न होतो. गाळणींत वस्ती करणारे उपकारक जंतु त्याचें प्रथम नायट्राइट आणि मग बरेंच सौम्य असें नायट्रेट करितात. पण ही वस्ती बसण्यास चार ते आठ आठवडे लागतात. तोंवर टांकींत प्राणी न घालतां थोडा थोडा अमोनिया घालून त्या जंतूंना पोसावें. एखाद्या जुन्या, निरोगी टांकीच्या गाळणींतील स्पंजाचा तुकडा मिळाला तर तो विरजणासारखा कामीं येतो. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आलीं म्हणजेच पाहुण्यास बोलवावें. पुढें आठवड्यास पाव हिस्सा पाणी बदलावें, परंतु नळाचें पाणी तसेंच ओतूं नये. त्यांतील क्लोरीन कल्ल्यांस जाळतें आणि आपल्या जंतूंचाहि नाश करितें. सोडियम थायोसल्फेटाचे थेंब यासाठींच मिळतात. गाळणीहि टांकींतून काढलेल्या पाण्यांतच खळबळावी. स्वच्छतेच्या उत्साहानें ती नळाखालीं घासली कीं महिन्या दीड महिन्याची मेहनत मोरींत जाते.

तळाशीं रंगीत खडे घालण्याची हौस पुष्कळांना असते. हा प्राणी भक्ष्य तोंडानें शोषून घेतो, त्यासरशी खडाहि पोटांत जातो व आंतड्यांत अडकतो. तळ उघडा ठेवावा, नाहींतर अगदीं बारीक वाळू पसरावी. डोळ्यांस पापण्या नसल्यामुळें प्रखर दिवा त्याला नकोसा होतो; लपावयास एखादें उपडें मडकें द्यावें. पाण्याचा प्रवाह मंद असावा. अन्न म्हणून गांडुळें सर्वांत उत्तम, मोठ्या प्राण्यास दर दोनतीन दिवसांनीं. औषधें फवारलेल्या बागेंतलीं मात्र नकोत. आणि गांडूळखतांतलीं तांबडीं गांडुळें कडवट द्रव सोडतात, म्हणून पुष्कळदां तीं तोंडांत घेऊन थुंकलीं जातात.

कल्ले पुढच्या बाजूस वळणें, शेंपटीचें टोंक आंकड्यासारखें होणें, अन्न सोडणें, अंगावर कापसासारखी पांढरी बुरशी दिसणें हीं दुखण्याचीं लक्षणें. अशा वेळीं माशांचें औषध दुकानांतून आणून ओतण्याची घाई करूं नये. त्याची त्वचा औषध शोषून घेते, आणि तांबेंयुक्त औषधें तर घातकच ठरतात. आधीं पाणी तपासावें, मग जाणत्या पशुवैद्यास दाखवावें. तुटलेला पाय या प्राण्याला पुन्हां फुटतो, हें खरें. पण म्हणून लहान पिलें एकत्र ठेवूं नयेत, तीं एकमेकांचे पाय तोडून खातात.

नर व मादी एकत्र असल्यास मादी एका वेळीं शेंकडों अंडीं घालते. तीं तळ्यांत अथवा विहिरींत टाकूं नयेत. एकदोन दिवसांच्या आंत गोठवून नष्ट करावींत. शेवटीं कायद्याचें. हा प्राणी आंतरराष्ट्रीय व्यापारनियंत्रणाच्या यादींत असल्यामुळें, वन्यजीव संरक्षण कायद्यांतील २०२२ सालच्या दुरुस्तीनुसार, तो बाळगणाऱ्यास सरकारदरबारीं नोंद करावी लागते; पिलें झाल्यास तेंहि कळवावें लागतें. विक्रेता कागद दाखविण्यास टाळाटाळ करूं लागला, तर प्राणी कितीहि हसरा दिसो, रिकाम्या हातांनीं परत यावें.