संगणक एका खोलीत, कळफलक दुसऱ्या खोलीत

ध्वनिमुद्रणाच्या खोलीत संगणक ठेवला की त्याच्या पंख्याची घरघर मायक्रोफोन टिपतो आणि तो बाहेर ठेवला तर निवेदकाचा हात त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. ही अडचण दूर करण्यासाठी प्रसारणाच्या क्षेत्रात जी उपकरणे वापरली जातात, त्यांना केव्हीएम एक्स्टेंडर म्हणतात; कीबोर्ड, व्हिडिओ आणि माउस यांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले आहे. त्यात दोन लहान पेट्या असतात. संगणकाजवळची पेटी पडद्यावरचे चित्र नेटवर्कवरून पाठवते, तर टेबलावरची पेटी ते मॉनिटरवर उमटवून कळफलक आणि माउस यांच्या हालचाली उलट दिशेने रवाना करते. साधी यूएसबी केबल सुमारे 5 मीटरपुढे भरवशाची राहत नाही, नेटवर्कच्या तांब्याच्या केबलची मर्यादा 100 मीटर असते, ऑप्टिकल फायबर मात्र कित्येक किलोमीटर साथ देते.

धाराशिव जिल्ह्यात या उपकरणांचा विचार स्टुडिओपुरता राहत नाही. इथल्या माळरानांवर पवनचक्क्या उभ्या आहेत, उन्हाळ्यात पारा 40 अंशांपलीकडे जातो आणि धूळही उडते. अशा ठिकाणच्या वीज उपकेंद्रातला संगणक बंद, थंड खोलीत ठेवून तो दुसरीकडून हाताळणे यंत्राच्या आणि माणसाच्याही हिताचे ठरते. दूरस्थ डेस्कटॉपचे सॉफ्टवेअर यासाठी पुरेसे नाही का, असा प्रश्न रास्त आहे. ते सॉफ्टवेअर संगणक पूर्ण सुरू झाल्यावरच काम करते; विंडोज सुरूच झाली नाही तर ते निरुपयोगी ठरते, तर एक्स्टेंडर सुरुवातीचा बायोसचा पडदाही दाखवतो. मात्र गोठलेल्या संगणकाचा वीजपुरवठा बंद-चालू करायचा असेल, तर दूरवरून चालवता येणारा वेगळा पॉवर स्विच लागतो, हे खरेदीच्या वेळी हमखास विसरले जाते.

अंतर वाढले की माउसचा बाण हाताच्या मागे रेंगाळेल, अशी भीती अनेकांना वाटते, परंतु दोष अंतराचा क्वचितच असतो. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. धाराशिवहून उमरग्यापर्यंत शंभर किलोमीटर फायबर धरले, तरी जाऊन-येऊन एक मिलिसेकंद लागतो, आणि सेकंदाला 60 चित्रे दाखवणाऱ्या पडद्यावर एक चित्र जवळपास 17 मिलिसेकंद टिकते. खरा विलंब चित्र आकुंचित करण्यात होतो. 1920 गुणिले 1080 बिंदूंची अशी 60 चित्रे दर सेकंदाला जशीच्या तशी पाठवायची तर सेकंदाला सुमारे 3 गिगाबिट माहिती वाहावी लागते आणि साध्या गिगाबिट नेटवर्कला ती पेलत नाही. म्हणून पेटी चित्र दाबून पाठवते, पलीकडची पेटी ते उलगडते, आणि त्यातच वेळ जातो. बारीक अक्षरांतले आकडे वाचायचे असतील तिथे दाबण्याचे प्रमाण कमी ठेवावे, चित्रे थोडी सावकाश आली तरी चालतील.

या पेटीपर्यंत ज्याचा हात पोहोचला, तो प्रत्यक्ष संगणकासमोर बसल्यासारखाच असतो, म्हणून ही जोडणी कार्यालयाच्या सर्वसाधारण नेटवर्कपासून वेगळी ठेवावी आणि तिच्यावरची माहिती सांकेतिक रूपात पाठवावी. कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. नेटवर्क तुटले तर संगणक आपले काम करीत राहतो, काळा पडतो तो फक्त दूरचा पडदा. तेव्हा उपकेंद्राच्या खोलीत संगणकाला थेट जोडता येईल असा एक साधा मॉनिटर आणि कळफलक कायम तयार असला पाहिजे.