मुक्ती आली, पुढे काय?



विमानाने रायपूरला आलात की तुम्ही उतरता ते मानाला. याच मानात 1964 साली पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांची छावणी उभी राहिली. इथून त्यांना दंडकारण्यात वसवायला पाठवत. 1971 मध्ये तिकडून पुन्हा लोंढे आले, तेव्हाही कित्येकांना इथेच ठेवलं गेलं. त्यामुळे ते युद्ध रायपूरला परकं नाही. आपण मराठी माणसं तर अभिमानाने सांगतो की 11 डिसेंबरला टांगाईलला छत्रीने उतरली ती पॅराशूट रेजिमेंटची दुसरी, म्हणजे मराठा बटालियन. पाच दिवसांनी ती ढाक्यात होती.

आज मला बोलायचंय ते मुक्त करायला आलेला सैनिक आणि तिथली बाई यांच्याबद्दल.

जनरल माणेकशा भाषणात सांगायचे, की मी जवानांना बजावलं होतं: बेगम दिसली की हात खिशात घाला आणि सॅमची आठवण काढा. सभागृह हसायचं. मला त्यात हसण्यापेक्षा शहाणपण जास्त दिसतं. मुक्तिदाता झाला तरी तो हातात बंदूक असलेला पुरुषच असतो, हे त्या सेनापतीला ठाऊक होतं. 1944 मध्ये फ्रान्स मुक्त झाला, तेव्हा जर्मनांशी संबंध ठेवल्याच्या आरोपावरून हजारो बायकांची डोकी भादरली गेली. तीही मुक्तीच्या जल्लोषातच.

ढाका विद्यापीठात बंगाली शिकवणाऱ्या नीलिमा इब्राहिम यांनी अशा स्त्रियांच्या कहाण्या ‘आमि बीरांगना बोलछि’ या पुस्तकात लिहिल्या. त्यातली एक बाई सांगते, की पाकिस्तानी सैन्याच्या कैदेतून सुटका झाली तेव्हा अंगावर वस्त्र नव्हतं, आणि एका शीख सैनिकाने आपली पगडी सोडून तिला गुंडाळली. शिखाने पगडी सोडणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

पण पगडीने अंग झाकलं, पुढचं आयुष्य कोण झाकणार? त्याच नीलिमाताईंच्या कानावर आलं, की तीस-चाळीस मुली शरण आलेल्या पाकिस्तानी सैनिकांबरोबर भारतात निघाल्यात. त्या समजवायला धावल्या. मुली ऐकेनात. इथे राहिलो तर घरचे घेणार नाहीत, हे त्यांना पक्कं माहीत होतं. याला कोणी गद्दारी म्हणालं, तर मला ते पटत नाही. ज्यांनी छळलं त्यांच्याबरोबर जाणं आपल्या माणसांत राहण्यापेक्षा बरं वाटावं, ही त्या मुलींची नाही, आपल्या माणसांची गोष्ट आहे.

शेख मुजीबांच्या सरकारने डिसेंबर 1971 मध्येच या स्त्रियांना ‘वीरांगना’ म्हटलं. हेतू चांगला होता, पण लोकांनी एक अक्षर फिरवलं आणि त्याचं ‘वारांगना’ केलं. दोन्ही शब्द मराठीतही आहेत, म्हणून तो टोमणा आपल्याला भाषांतराशिवाय बोचतो. जन्मलेली काही मुलं परदेशी दत्तक गेली. जुलै 1972 मध्ये कॅनडाला गेलेल्या पहिल्या तुकडीत पंधरा होती. आयांना काय विचारलं असेल, कसं विचारलं असेल, कल्पना करा.

2015 पासून सरकार या स्त्रियांना मुक्तियोद्ध्यांचा दर्जा आणि मानधन देऊ लागलं. तोवर 44 वर्षं उलटली होती. आणि गॅझेटमध्ये नाव यायचं, तर जे गावापासून, सुनांपासून, नातवंडांपासून लपवलं ते म्हातारपणी स्वतःच्या तोंडाने सांगायला लागत होतं.