२६ वर्षं बेंचवर बसलेलं मुंबईचं जहाज

आजचा भाग मी केनवडहून, घरच्या ओसरीवर बसून रेकॉर्ड करतोय. इथून समुद्र शेकडो किलोमीटर लांब, आणि विषय काय, तर इंग्रजांची युद्धनौका! पण आमचा दरवाजा सागवानी आहे, आणि ही गोष्टही सागवानाचीच.

फ्रेंचांशी लढून लढून इंग्लंडात जहाजांसाठी ओकचं लाकूड कमी पडायला लागलं होतं. म्हणून १८१२ मध्ये त्यांच्या नौदलाने एका फ्रिगेटची ऑर्डर मुंबईच्या गोदीला दिली. नकाशे घेऊन निघालेलं 'जावा' जहाज ब्राझीलजवळ अमेरिकनांशी लढताना गेलं, नकाशांसकट. नशीब, नकाशांची दुसरी प्रत पाठवता आली. बॅकअप ठेवत जा रे बाबांनो!

१८१६ मध्ये जमशेटजी बोमनजी वाडियांनी चांदीचा खिळा ठोकून काम सुरू केलं. १२ ऑक्टोबर १८१७ ला 'ट्रिंकोमाली' पाण्यात उतरली. लाकूड मलबारचं सागवान. ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात, सागवानातलं तेल उलट त्यांना जपतं.

१८१९ ला ती इंग्लंडला पोचली, तर नेपोलियनचा कारभार आधीच आटोपलेला! मग काय, थेट १८४५ पर्यंत राखीव. मी स्वतः चार महिने बेंचवर होतो. रोज मेल बघायचा, आणि आईला फोनवर सांगायचं, "हो, काम चालू आहे." त्यामुळे इथे मी जरा जास्तच अडकलो. बरोबरची जहाजं भंगारात जात होती, ही उभी.

बाहेर काढली तेव्हा ३८ तोफांच्या वर्गातली फ्रिगेट २६ तोफांची कॉर्व्हेट करून टाकली. पदावनतीच म्हणा! पण कामं मिळाली. १८४७ पासून वेस्ट इंडिजकडे, गुलामांच्या व्यापारावर गस्त. १८५२ ते १८५७ पॅसिफिकमध्ये, क्रिमियाचं युद्ध चालू असताना. मोठी लढाई मात्र नशिबात नव्हतीच.

पुढे ती प्रशिक्षण जहाज झाली. १८९७ ला भंगारात विकली गेली, तिथून व्हीटली कॉब नावाच्या माणसाने सोडवली आणि पोरांना शिकवायला वापरली. तेव्हा नावही बदललं, 'फूद्रोयां'. जुनं नाव परत मिळायला १९९२ उजाडलं.

आज ती इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर तरंगतेय. अर्ध्याहून जास्त लाकूड मूळचंच. आणि नाकावर कोरलेला माणूस आहे ना, त्याच्या डोक्याला पागोटं आहे!