आघाडी आणि दिलेला शब्द



भाषेच्या अध्यापकाने या स्मृतिव्याख्यानासाठी केनियातील निवडणुकीचा विषय घ्यावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु मराठीत ‘शब्द’ म्हणजे जसा अक्षरसमूह, तसेच वचनही. राजकीय आघाडी या दुसऱ्या अर्थाच्या शब्दावरच उभी असते.

केनियात १९६३ पासून ‘कानू’ या एकाच पक्षाची सत्ता होती. डिसेंबर १९९१ मध्ये इतर पक्षांवरील बंदी उठली. तथापि विरोधकांचा ‘फोर्ड’ हा मंच निवडणुकीपूर्वीच दुभंगला. एका गटाने ‘फोर्ड असिली’ हे नाव घेतले. स्वाहिलीतील ‘असिली’ आणि आपला ‘अस्सल’ हे दोन्ही शब्द एकाच अरबी मुळातून आलेले. खरे अस्सल कोण, या वादात १९९२ ची निवडणूक गेली. सुमारे ३६ टक्के मतांवर डॅनियल अराप मोई राष्ट्राध्यक्षपदी राहिले. उरलेली मते विरोधकांत विखुरली. १९९७ मध्येही तेच घडले.

हा धडा २००२ मध्ये कामी आला. घटनेनुसार मोईंना पुन्हा उभे राहता येत नव्हते. त्यांनी उहुरू केन्याटा यांना पुढे केले, तेव्हा नाराज नेते पक्षाबाहेर पडले. त्यांच्यापैकी रायला ओडिंगा यांनी १४ ऑक्टोबरला नैरोबीच्या उहुरू पार्कमधील विराट सभेत ‘किबाकी तोशा’ अशी घोषणा केली. ‘तोशा’ म्हणजे पुरेसा. स्वतःची महत्त्वाकांक्षा बाजूस ठेवून उच्चारलेल्या या दोन शब्दांनी ‘नार्क’ आघाडीस एकच उमेदवार मिळाला. २७ डिसेंबरला म्वाई किबाकी सुमारे ६२ टक्के मतांनी विजयी झाले. जानेवारी २००३ मध्ये सरकारी प्राथमिक शिक्षण निःशुल्क झाले आणि दहा लाखांहून अधिक मुले नव्याने शाळेत आली. आघाडीचे हे श्रेय शाळेच्या व्यासपीठावरून आवर्जून सांगितले पाहिजे.

मात्र सत्तेच्या समान वाटपाचा आणि रायलांसाठी पंतप्रधानपद निर्माण करण्याचा जो करार झाला होता, तो पाळला गेला नाही, अशी त्यांच्या गटाची तक्रार राहिली. २००५ मध्ये नव्या घटनेच्या मसुद्यावरील सार्वमतात सहकारीच परस्परांविरुद्ध उभे ठाकले. सरकार हरले आणि किबाकींनी मंत्रिमंडळ बरखास्त केले. डिसेंबर २००७ च्या निवडणुकीत हे दोघे प्रतिस्पर्धी होते. वादग्रस्त निकालानंतर उसळलेल्या हिंसाचारात अकराशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. लाखो बेघर झाली.

या रक्तपाताचे खापर एका मोडलेल्या करारावर फोडणे अन्यायाचे होईल. जमिनीचे तंटे आणि जमातींमधील अविश्वास फार जुने होते. तरीही एक गोष्ट मनाला चटका लावते. कोफी अन्नान यांच्या मध्यस्थीने २८ फेब्रुवारी २००८ रोजी समझोता झाला आणि रायलांसाठी पंतप्रधानपद निर्माण झाले. २००२ मध्ये विश्वासाने देऊ केलेले पद अखेर प्रेतांच्या राशीपुढे द्यावे लागले.

मित्रहो, विरोधकांनी एकत्र यावे, असे आपण सहज म्हणतो. एकत्र येण्यास समान शत्रू पुरतो. एकत्र राहण्यास मात्र दिलेला शब्द पाळावा लागतो. तो बंद दाराआड न देता मतदारांसमक्ष द्यावा, म्हणजे त्याचे साक्षीदार कोट्यवधी असतात. मतदार निवडणुकीच्या दिवशी आघाडीस विजयी करतो. दुसऱ्या दिवसापासून त्याने तिचा शब्द मोजावयास हवा. ही जागरूकता शाळेतच अंगी बाणते, म्हणून हा विषय येथे मांडला.